शेवटच्या गाण्यातली रिकामी जागा

४ मार्च

सूनबाई, आधी अट लिही. मी बोलेन तेच लिहायचं. माझ्या शब्दांना इस्त्री करायची नाही. आणि तुझ्याबद्दल काही आलं की पेन बिघडलं असं म्हणायचं नाही. लिहिलंस? वाच बघू. हां, आता पुढे.

मला लिहितावाचता येत नाही. कागदावर मुंग्या चालल्यात एवढंच दिसतं. सूनबाई शाळेत शिकवते, तिच्या मुंग्या म्हणे फार सुबक चालतात. असतील.

सध्या आमच्या घरात ज्याचा त्याचा आवाज जपून ठेवायचं खूळ आलंय. नातीच्या बँडची पहिलीवहिली रेकॉर्ड होतेय आणि ती आमच्याच वरच्या खोलीत. मी म्हटलं, एवढे सगळ्यांचे आवाज ठेवताय, माझाही ठेवा. नातीने मला माइकसमोर बसवलं. "आजी, बोल." आणि जन्मात पहिल्यांदा माझी दातखीळ बसली. तो माइक नुसता तोंडाला जाळी लावून बघत बसतो. 'हं' नाही, 'मग?' नाही. जो हुंकार देत नाही त्याच्याशी काय बोलायचं? सूनबाई निदान नाक तरी मुरडते.

वरची खोली माझी होती. आता भिंतींना गोधड्या टांगल्यात, खिडकीला गादी उभी केली आहे, आणि माझं कपड्यांचं कपाट दारं उघडी टाकून मधोमध ठेवलंय. का, तर कपडे आवाज गिळतात म्हणे. म्हणजे रेकॉर्डमध्ये जी शांतता ऐकू येईल, तिच्यात माझे परकर आहेत. हे रेकॉर्डवर छापणार का विचारलं, तर नात नाही म्हणाली.

हे सगळं उभं केलं ते एका दाढीवाल्या मुलाने. माइक त्याचे, वायरी त्याच्या, बटणांची पेटीही त्याची. दिवसभर कानांवर ते जाड गोळे चढवलेले असतात. मी त्याचं नाव ठेवलंय कानझाक्या. त्याला ऐकू गेलेलं नाही, कारण उघड आहे.

७ मार्च

मला वाटलं होतं रेकॉर्डिंग म्हणजे सगळे एकत्र बसून वाजवणार. छे. आज धडधड्या आला, म्हणजे बँडमधला ड्रम बडवणारा मुलगा. एकटाच आला, एकटाच बडवून गेला. उद्या नात एकटी गिटार वाजवणार. परवा गाणार, तेही एकटीच. प्रत्येकाच्या कानात टकटक टकटक असा ठोका सोडलेला असतो, तो चुकायचा नाही. शेवटी कानझाक्या सगळं जोडणार आणि लोकांना वाटणार की काय एकजीव वाजवतात हो! म्हणजे एकेकाला बोलावून जेवू घालायचं, मग फोटो चिकटवून म्हणायचं, सगळे मिळून जेवलो.

"आजी, जगात असंच करतात," नात म्हणाली.

"जगाला नातेवाईक नसतील," मी म्हटलं.

मग मला कानाला लावून शेवटचं गाणं ऐकवलं. चांगलं आहे. शब्द कळले, म्हणजे चांगलंच. पण मध्येच सगळे गप्प. नुसती टकटक. मला वाटलं वीज गेली. नात म्हणाली, "वीज नाही गेली आजी. ती बाबाची जागा आहे."

आता चिरंजीवांबद्दल सांगायला हवं. माझा मुलगा, सूनबाईचा नवरा, खालच्या मजल्यावर गिटारी दुरुस्त करायचं दुकान चालवतो. पूर्वी मोठमोठ्या स्टुडिओंत दुसऱ्यांच्या गाण्यांवर गिटार वाजवायचा. गाणं गाजायचं त्यांचं, बोटं आमची. नात लहानपणी झोपायची नाही, तेव्हा हा तिच्या पलंगाशी बसून एक धून वाजवायचा. त्याचीच, मनाने रचलेली. पोर झोपायची नाही, पण मी हमखास झोपायचे. ती धून तिला त्या रिकाम्या जागेत हवी आहे, आणि त्याच्याच हातची हवी आहे.

आणि चिरंजीव नाही म्हणतायत. आधी म्हणाला, दुकानात काम तुंबलंय. मग म्हणाला, जुनाट झाली ती धून. काल म्हणाला, "तुला येते की, तूच वाजव."

"मला येते रे," नात म्हणाली. "पण मला ती वाजवायची नाहीये. मला ती ऐकायची आहे."

पंचवीस तारखेला कानझाक्या माइक गुंडाळून दुसऱ्या बँडबरोबर दौऱ्यावर निघणार. तोवर झालं तर झालं. नाहीतर गाण्यात टकटक ठेवा आणि वर लिहा, इथे एक हट्टी माणूस बसतो.

१० मार्च

चिरंजीवांनी आणखी एक कप फोडला. डाव्या हाताने चहा धरायची नवी हौस आली आहे.

"असू दे हो आई, कपच निसरडा होता," सूनबाई म्हणाली.

मी धुतला तेव्हा नव्हता.

आणखी मजा ऐक. म्हणजे लिही. साहेबांनी एक रबरी चेंडू आणलाय. मऊ, पिवळा. दुकानात गिऱ्हाईक नसलं की बसल्या बसल्या दाबत असतात. केस पांढरे झाले आणि आता खेळण्याची आठवण झाली! मी म्हटलं, टाक इकडे, झेलाझेली खेळू. तर हसला आणि खिशात टाकला.

आणि शर्टाची बटणं हल्ली बायको लावून देते. रोज सकाळी, दाराआड. मला काय दिसत नाही? लग्न झालं तेव्हा हा बटणं तोडून घरी यायचा आणि ही रुसायची. आता मुलगी रेकॉर्ड काढायच्या वयाची झाली आणि ह्यांच्या प्रेमाला भरती आली. दर गुरुवारी दोघं दुपारचं दुकान बंद करून फिरायलाही जातात. फक्त फिरून आलेल्या माणसाचं तोंड जरा उजळलेलं असावं. हे दोघं परीक्षेचा निकाल लागल्यासारखे येतात.

सूनबाई, थांबलीस का? लाजतेस काय, लिही. अट आहे.

१४ मार्च

माझ्या लक्षात आलंय. बापलेकीचं बिनसलं आहे.

पुरावा असा. दोघं जेवायला एका वेळी बसत नाहीत. ती वर वाजवत असली की हा खाली मोठ्याने रेडिओ लावतो. आज ती दुकानात उतरली, "बाबा, निदान वर येऊन ऐक तरी," म्हणाली. त्याने मान वर केली नाही. "नंतर," म्हणाला. हातात कुणाची तरी गिटार होती आणि नुसतं फडकं फिरवत होता. पुसून पुसून लाकूड झिजेल. गिऱ्हाइकांच्या गिटारी वाळत घातलेल्या कपड्यांसारख्या भिंतीवर टांगून राहिल्यात, त्यांना हात नाही लावत.

मला वाटतं, लेक पुढे चालली हे त्याला सोसत नाही. किंवा तिचं संगीत त्याला कमी प्रतीचं वाटत असेल. मोठ्या स्टुडिओत वाजवलेली बोटं ना! एवढी नाजूक झाली आहेत की स्वतःच्या गिटारीला बारीक तारा लावून घेतल्यात. दुकानात बसून मला इतपत कळतं. नव्याने शिकणाऱ्या पोरांची बोटं दुखू नयेत म्हणून हाच त्यांना तसल्या लावून देतो. आता स्वतःचेच लाड.

नात रात्री माझ्या पायाशी येऊन बसली. "आजी, तो मला नको म्हणत असता तरी चाललं असतं," म्हणाली. "पण खरं कारण सांगत नाही गं. मी एवढी वाईट वाजवते का?"

मी म्हटलं, छान वाजवतेस, मला एकदाही झोप लागली नाही. हसली थोडी.

आता मलाच काहीतरी करायला हवं. सूनबाई म्हणते, "आई, तुम्ही ह्यात पडू नका." ज्या अर्थी ती असं म्हणते, त्या अर्थी पडायला पाहिजे.

१७ मार्च

पडले.

दुकानात जाऊन बसले आणि सहज म्हणावं तसं म्हटलं, "तुझ्या जागी दुसरा येतोय म्हणे वाजवायला."

"कोण?"

"आहे एक. कुरळ्या केसांचा."

"कुठला?"

"लांबचा. खास येतोय."

"कोणती गिटार वाजवतो?"

मी म्हटलं, "लाल."

"लाल म्हणजे कोणती गं आई?"

"लाल म्हणजे लाल. एवढी वर्षं काय डोळे मिटून दुरुस्त करतोस?"

"बोटांनी छेडतो की पिकने?" पिक म्हणजे ती नखाएवढी चकती, जी आमच्या घरात गादीखाली, चपलेत, एकदा सूपमध्येही सापडली आहे.

"दोन्हींनी," मी म्हटलं. "एकदम."

तेव्हा तो हसला. मला वाटलं पकडली गेले. पण मग म्हणाला, "बरं झालं." एवढंच. मला वाटलं होतं चिडेल, उसळेल, लाल गिटारीची सालं काढेल. तर बरं झालं! आणि चेहरा असा, की कुणी त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरवलं आणि ते घेऊन पळूनही गेलं.

थोड्या वेळाने स्वतःच बोलला, "कधी येतोय?"

"परवा."

"मग उद्या मी एकदा बसून बघतो," म्हणाला. "कुणी यायच्या आत."

सूनबाईने हे लिहिताना मला विचारलं, "खरंच उद्या बसणार म्हणाले?" हो. म्हणाला. तोंड का उतरवतेस? माझी जीत झाली, पेढा... नाही, राहू दे, पेढा लिहू नकोस, गोड बंद आहे माझं.

१८ मार्च

आला. दुपारी वर आला. नातीने स्टूल पुसलं, तिथे धूळ नव्हती तरी. कानझाक्याने माइक त्याच्या गिटारीपासून वीतभर अंतरावर आणला. मग खाली, मग वर, मग पुन्हा होता तिथेच. मला कोपऱ्यात बसवलं आणि कान झाकून दिले. लाल दिवा लागला.

पहिले चार सूर असे आले की माझ्या पापण्या जड झाल्या. तीच धून. आणि मग पाचव्या सुराला बाटलीत माशी अडकावी तसं भुणभुण झालं. तो थांबला. पुन्हा सुरुवात. पुन्हा तिथेच माशी. तिसऱ्या वेळी माशीही नाही, नुसतं फस्स. एरवी समोर बसून ऐकलं असतं तर कळलंही नसतं. पण तो माइक मेला काही म्हणजे काही सोडत नाही.

कानझाक्या उठला, "काका, केबल गेली असणार. बदलतो." बदलली. पुन्हा फस्स.

"केबल नाही रे बाळा," चिरंजीव म्हणाला. गिटार जपून भिंतीला टेकवली आणि खाली निघून गेला.

माझं म्हणणं, गिटारच बिघडलेली. जगाच्या दुरुस्त करतो आणि स्वतःची तशीच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. लिही. सूनबाई? का लिहीत नाहीस?

इथे मध्ये बराच वेळ गेला. सूनबाई पेन ठेवून आत गेली, नळ सोडून उभी राहिली. भांडी घासलेली होती. परत आली आणि म्हणाली, "आई, तुम्ही म्हणालात ते लिहिते. अट आहे. पण आधी एक ऐका."

मी ऐकलं. आज एवढंच पुरे.

१९ मार्च

सूनबाईने काल सांगितलं ते असं. चिरंजीवांच्या डाव्या कोपरात नस दाबली गेली आहे. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्हींना काही कळत नाही. गरम कळत नाही, कप कळत नाही, तार कळत नाही. गुरुवारी दोघं फिरायला नाही, डॉक्टरकडे जातात. चेंडू डॉक्टरने दिलेला. पुढच्या महिन्यात ऑपरेशन. मग बोटं परत येतील, किंवा येणार नाहीत. डॉक्टरही 'बघू' म्हणतो. आणि चिरंजीवांनी बायकोला बजावलं होतं, लेकीची रेकॉर्ड होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही. तिच्या पहिल्या कामाला माझ्या हाताचं सुतक नको, म्हणाला.

आणि मी चेंडूला हसले, कपाला हसले, बटणांत प्रेम शोधलं, आणि ही बाई समोर बसून जसंच्या तसं उतरवत राहिली. सूनबाई, तू फार वाईट आहेस. हेही लिही.

मागचं खोडू का विचारते. नको. बटणांचं मी चुकीचं बोलले असं मला अजूनही वाटत नाही.

दुपारी दुकानात गेले. "दाखव," म्हटलं. त्याने हात पुढे केला. लहानपणी रुतलेला काटा दाखवायचा तसाच.

"ही दोन माझी राहिली नाहीत, आई."

"मग कुणाची झाली?"

"काय माहीत."

"त्या लाल गिटारवाल्याला देऊन टाक. कुरळे केस आहेत, करंगळी नाही बिचाऱ्याला."

हसला. मोठ्याने हसला. मग पुष्कळ वेळ माझ्या हातात हात राहू दिला. बोटं गार होती.

"पोरीला सांग," मी म्हटलं.

"नंतर सांगतो."

"ती समजते की ती वाईट वाजवते म्हणून तू बसत नाहीस."

हे त्याला माहीत नव्हतं. चेहऱ्यावरून कळलं. पण तरी म्हणाला, "तू सांगू नकोस." मी शब्द दिला.

२१ मार्च

शब्द पाळला. नातीला मी काही सांगितलं नाही. फक्त म्हटलं, "खाली जा आणि बाबाशी हात मिळव. डावा."

"का?"

"म्हातारीची इच्छा."

गेली. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले. ऐकायला नाही, गुडघा दुखत होता.

आधी रेडिओ बंद झाला. मग तिचा आवाज चढला. "इतके दिवस! आणि मी इथे वेड्यासारखी..." मग त्याचं पुटपुटणं. मग ती रडली, मग तो. मग पुन्हा ती चिडली. "सुतक काय, सुतक! तुझा हात आहे तो, पाहुणा आहे का?" हे माझ्याकडून आलंय. पिढी सोडून उतरतं.

मग बाक सरकल्याचा आवाज. मग गिटार. थांबत, अडखळत, पण माशी नाही. मी गुडघा विसरून खाली गेले.

दोघं एका बाकावर दाटीवाटीने बसलेले. गिटार त्याच्या मांडीवर, उजव्या हाताने तारा तो छेडतोय. आणि गिटारीचा दांडा त्याच्या डाव्या बाजूला बसलेल्या तिच्या हातात. पट्ट्यांवर बोटं तिची. एक गिटार, दोन माणसं. मला वाटलं, घरात भिंतभर गिटारी असताना ही काटकसर कशाला?

"उशीर करतेस," तो म्हणाला.

"तू घाई करतोस."

"मी घाई नाही करत, ती धूनच तशी आहे."

"मला नको सांगूस, मी हजार वेळा ऐकलीये."

"झोपेत."

"मी झोपायचेच नाही! आजी झोपायची!"

ह्यात मला ओढायचं काही कारण नव्हतं. पण महिनाभरात दोघं पहिल्यांदा नीट भांडत होते, म्हणून काही बोलले नाही. जेवायला एकाच वेळी बसले. जेवतानाही भांडले.

२३ मार्च

लगेच लिही सूनबाई, मी वरून थेट उतरले आहे, विसरायच्या आत.

सूनबाई सकाळपासून खाली दाराशी उभी होती, कुणी येऊन घंटी वाजवू नये म्हणून. वर वाजतंय आणि ही न वाजण्याची राखण करतेय. तेव्हा तू काहीच ऐकलं नाहीस, तुलाच सांगते.

दोघांना एका स्टुलावर बसता येईना म्हणून माझा पलंग परत आणला. कानझाक्याने कानात टकटक सोडली. चिरंजीव म्हणाला, "ही बंद कर. हिच्यावर आम्ही दोघं एकत्र नाही चालू शकत." कानझाक्या कासावीस झाला. टकटक नसेल तर गाण्याचा पुढचा भाग जोडू कुठे? "संपलं की मी मान हलवतो, तिथे जोड," चिरंजीव म्हणाला. हे त्या मुलाच्या शास्त्रात बसत नव्हतं, पण बसवलं.

मग पुढची अडचण. बोटं कधी बदलायची हे नातीला कळायचं कसं? तार छेडणार तो, दाबणार ती. तो हळूच "आता" म्हणाला की ती बदलते. पण माइक ते "आता" पकडतो.

"काका, आवाज येतोय तुमचा."

मग मानेने खूण करून पाहिली. नात दांड्याकडे बघते, मान दिसत नाही. गुडघ्याने टोचून पाहिलं. पलंग करकरला. एकदा नात म्हणाली मी मनात मोजते, आणि दोघं दोन वेगळ्या गावांना पोचले. शेवटी कानझाक्या म्हणाला, "काका, म्हणा. आता म्हणा. पण दर वेळी सारखंच म्हणा."

लाल दिवा लागला. मी कान झाकले.

सूनबाई, काय सांगू. त्या माइकला मी किती बोल लावले. त्याने ह्या वेळीही काही सोडलं नाही. तार आली, लाकूड आलं, पोरीच्या बोटाचा तारेवरून घसरतानाचा आवाज आला. आणि मधून मधून माझ्या मुलाचा आवाज. "आता." जरा थांबून, "आता." ती लहान असताना सायकल शिकवायचा तेव्हा मागून धरून चालायचा, तसा. शेवटी शेवटी तर "आता" उरलं नाही, नुसतं "हं." माझे परकरही हलले नसतील, इतकं शांत होतं.

संपलं तेव्हा त्याने मान हलवली. कानझाक्याने कानावरचे गोळे काढून मांडीवर ठेवले. त्याचे कान मी पहिल्यांदा पाहिले. बरे आहेत.

मी झोपले नाही. हे ठळक अक्षरात लिही.

नात म्हणाली, "झालं. हेच ठेवायचं." चिरंजीव म्हणाला, "छे, दुसऱ्या ओळीला तू मागे होतीस. पुन्हा." ती म्हणाली, मागे नव्हते. तो म्हणाला, होतीस. कानझाक्या म्हणाला, नव्हती, तर दोघं मिळून त्याच्यावर घसरले. मी निघाले तेव्हा हेच चाललं होतं.

आता ऐक. बंद झालं भांडण. पुन्हा बसलेले दिसतायत.

रडू नकोस, कागद भिजेल आणि मुंग्या वाहून जातील. बाकीचं नंतर सांगेन. तू वर जा, माझी खुर्ची रिकामी आहे, कान झाकायचे माझेच घे. दाराशी मी बसते, घंटीवर हात ठेवून. ठेव ते पेन. लिहीत काय बसलीस, जा म्हणते ना